बरें न होणाऱ्याच्या वेदना

ज्या रोग्यास डॉक्टरांनीं “आतां घरीं न्या” असें सांगितलें, त्याच्या वेदनांकरितां आणखी खर्च व श्रम करणें योग्य आहे काय? उमरखेड तालुक्यांतील ढाणकीसारख्या गांवीं हा प्रश्न पुस्तकी नाहीं. मोठें रुग्णालय दूर, हातीं पैसा थोडा, आणि रोगी वांचणार नाहीं हें घरांत सर्वांस ठाऊक असतें.

प्रथम उपाय पाहूं. १९८६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगाच्या वेदनेसाठीं औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. पुष्कळांस तेवढ्यानें आराम पडतो. कांहींस तें पुरत नाहीं, किंवा त्यानें फार गुंगी व मलावरोध होतो. अशांसाठीं सुईचा उपाय आहे. उदाहरणार्थ, स्वादुपिंडाच्या कर्करोगांत क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या यंत्रांत पाहून पोटामागील मज्जातंतूंच्या जाळ्यापाशीं सुई नेतात व अल्कोहोल सोडतात. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू त्यानें निकामी होतात. रोग जात नाहीं. दुखणें मात्र बहुधा कांहीं आठवडे किंवा महिने हलकें होतें. रक्तदाब उतरतो, जुलाब होतात, आणि क्वचित् पाय लुळे पडण्याचाही धोका असतो. तो आधीं सांगितला पाहिजे.

कोणी म्हणतात, सोसणें हीच भक्ति. वधस्तंभावर खिळण्यापूर्वीं दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस प्रभूनें घेतला नाहीं. खरें, पण तें त्यानें स्वतःपुरतें ठरविलें, दुसऱ्या कोणाचा प्याला हिरावून घेतला नाहीं. आपण होऊन सोसणें हें धैर्य होय; दुसऱ्यास सोसावयास लावणें हें धैर्य नव्हे. दुसरे म्हणतात, हें मरण लवकर आणणें आहे. तसें नाहीं. येथें हेतु वेदना काढण्याचा आहे, प्राण काढण्याचा नव्हे.

खर्चाचा आक्षेप अधिक जड आहे. प्रत्येकास शहरीं न्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचे थोडेच दिवस उरले, त्यास प्रवासाचे धक्के सुईहून दुःखद होतील. त्यास घरींच औषध व शुश्रूषा मिळावी. परंतु ज्याचे महिने उरले आहेत आणि ज्यास रात्रभर डोळा लागत नाहीं, त्याच्या झोंपेस मोल नाहीं असें कोणीं म्हणावें?

तें त्यासच विचारावें. आपण मात्र दयेच्या नांवाखालीं रोग त्याजपासून लपवितों, आणि निवाडा इतर करितात. वाचकहो, सत्य हळुवारपणें सांगा, त्याची इच्छा ऐका. मग गाडीभाड्याचा भार एका घरानें कां उचलावा? मंडळीनें तो वांटून घ्यावा.