शिलेदारी आणि पागा

कारकीर्द म्हटली की आपल्या मनापुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा सरकारी दप्तरातून उचललेले असते: एक नेमणूक, मग कायम हुद्दा, ठरल्या मुदतीने येणारी बढती आणि शेवटी निवृत्तिवेतन. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत किंवा बदलापुरातल्या एखाद्या रेल्वे नोकरदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला, दर दोन-तीन वर्षांनी धनी बदलणारा फुटबॉलपटू, आणि त्यातही गोल करण्यासाठीच ज्याला मोबदला मिळतो तो स्ट्रायकर, हा काहीसा उडाणटप्पू वाटावा यात नवल नाही. परंतु ही समजूत तपासून घेण्याचे एक साधन अलीकडे आपल्या अगदी जवळ येऊन गेले. ग्रेग स्टुअर्ट हा स्कॉटिश आघाडीपटू २०२२ पासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत मुंबई सिटी या संघाच्या सेवेत होता. तो काटेकोर अर्थाने नऊ क्रमांकाचा स्ट्रायकर नव्हे. स्ट्रायकरच्या किंचित मागे राहून, स्वतः गोल करणारा आणि दुसऱ्याकडून करवून घेणारा असा तो खेळाडू.

१९९० साली जन्मलेल्या या इसमाची खरी उमेदवारी झाली ती काउडनबीथ या गावी. कोळशाच्या खाणींवर पोसलेले आणि खाणी बंद पडल्यावर मागे उरलेले हे फाइफ परगण्यातले गाव. वस्ती पंधरा हजारांच्या आत. फुटबॉलचे मैदान मोटारशर्यतीच्या धावपट्टीने वेढलेले. आणि खेळ हा ज्यांच्या चरितार्थाचा एक भागच असतो अशा अर्धवेळ खेळाडूंचा संघ. तेथे विसाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत स्टुअर्ट खेळला. त्यानंतर डंडी, मग इंग्लंडातील बर्मिंगहॅम, तेथून ॲबर्डीन आणि किल्मारनॉक या संघांकडे उसनवारीवर रवानगी, आणि २०१९ साली ग्लासगोचा बलाढ्य रेंजर्स. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जेथे नाव सर्वांत मोठे तेथे त्याच्या वाट्याला मैदानावरचा वेळ थोडा आला. आणि जेथे त्याच्यावाचून अडत होते, अशा लहान ठिकाणी त्याची कला फुलली. जमशेदपूरच्या संघाकडून २०२१-२२ चा हंगाम, महामारीमुळे संपूर्णपणे गोव्यात आणि रिकाम्या सज्जांपुढे खेळताना, त्याने दहा गोल केले, दहा करविले, आणि देशाच्या सर्वोच्च लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला.

मराठ्यांच्या फौजेत सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद आपल्याला परिचित आहे. व्यावसायिक फुटबॉलपटू हा शिलेदार होय. त्याचा घोडा म्हणजे त्याचे दोन पाय. ते जायबंदी झाले की त्याची मिळकत बुडाली, आणि ते शाबूत आहेत तोवर कोणताही करारनामा त्याला मुदतीपलीकडे बांधून ठेवू शकत नाही. मुंबई सिटीचे मैदान ज्या संकुलात आहे त्याचे नाव शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल. निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तिन्ही दरबारांत आपल्या पराक्रमाचे मोल वसूल करणाऱ्या पुरुषाचे नाव तेथे लागावे, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

त्याच मैदानावर २० डिसेंबर २०२३ च्या रात्री मुंबई सिटीविरुद्ध मोहन बागानचा गोल केला तो जेसन कमिंग्जने. हा एडिंबरोत जन्मलेला स्ट्रायकर, स्कॉटलंडकडून मैत्रीपूर्ण सामने खेळून पुढे आईच्या जन्मभूमीच्या हक्काने ऑस्ट्रेलियाकडून २०२२ च्या विश्वचषकात उतरलेला. मध्यंतरापूर्वी स्टुअर्टने बरोबरी साधली, आणि उत्तरार्धात त्याला तांबडे कार्ड मिळून तो बाहेर गेला. त्या सामन्यात एकंदर सात खेळाडूंची अशी हकालपट्टी झाली. मुंबईने तो २-१ असा जिंकला. बदलापूरहून आलेल्या प्रेक्षकाला मात्र असल्या रात्री निम्मे लक्ष घड्याळाकडे ठेवावे लागते; सामना दहाच्या सुमारास संपणार, मग अंधेरीहून दादर, तेथला गर्दीचा पूल, मध्य रेल्वेचा फलाट आणि पुढे कर्जतची गाडी. महिन्याभरात स्टुअर्ट मुंबई सोडून गेला, आणि पुढल्या हंगामात कमिंग्जच्याच शेजारी मोहन बागानकडून खेळून त्याने लीगचे शिल्ड व चषक दोन्ही मिळविले. याला कोणी बेइमानी म्हणत असेल तर त्याने शिलेदारीचा धर्मच जाणला नाही.

आपल्याकडे फुटबॉल पागेत वाढला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईत टाटांच्या संघाचा. रेल्वे, गिरण्या, तेलकंपन्या यांनी असे किती तरी खेळाडू पदरी बाळगले. या व्यवस्थेची थट्टा करण्याची जी नवी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. गुडघा निकामी झालेल्या स्ट्रायकरच्या घरी पहिल्या तारखेला पगार येत होता, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्या पागा एकामागून एक मोडल्या, महिंद्र युनायटेडसारखा विजेता संघ २०१० साली बंद झाला, आणि शिलेदारीला लागणारी लहान लहान ठाणी मात्र त्या प्रमाणात उभी राहिली नाहीत. स्टुअर्टला घडविले ते रेंजर्सने नव्हे. चार वर्षे चुकण्याची मुभा देणाऱ्या, आणि चुकला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा दरवाजावर पैसे देऊन त्याला पाहणाऱ्या, एका उतरत्या गावाने त्याला घडविले.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या नऊ लाखांवर होती. म्हणजे काउडनबीथसारखी साठाहून अधिक गावे त्यांत मावतील. खेळाडू घडविणारे असे लहान ठाणे तेथे मुळीच नाही असेही नव्हे. अंबरनाथचे नाव धारण करणारा अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ २०२२-२३ च्या हंगामात आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. त्या फेरीत दिल्ली, शिलाँग, बंगळूर, कोलकाता येथील संघांशी त्याची गाठ होती. हे वृत्त अंबरनाथच्या किती घरांत पोहोचले असेल, याविषयी मला शंका आहे. युरोपातल्या स्ट्रायकरांच्या बदल्या आणि त्यांच्या किमती ज्यांना मुखोद्गत आहेत, अशा या तीन शहरांतील तरुणांना माझी एवढीच विनंती आहे: आपल्या गावाच्या नावाने, किंवा आपल्या गावातला मुलगा ज्यात आघाडीला आहे असा, जो संघ या हंगामात खेळत असेल त्याचे वेळापत्रक शोधून काढा, तिकीट असेल तर ते विकत घ्या, आणि तो मुलगा चुकला तरी पुढच्या सामन्यालाही जा.