हलत्या भिंती

गेल्या दिवाळीत कळंबच्या आमच्या घरात एक भुयार बांधले गेले. दिवाळीच्या दिवसांत दारापुढे काही तरी इवलेसे जग मांडावे, ही आपल्याकडची जुनी हौस आहे. माझ्या लहानपणी आजी पहाटे उठून अंगणात शेणाच्या गवळणी मांडीत असे. वाडा शेणाचा, वेस शेणाची, आणि गवळणींच्या डोक्यांवर झेंडूच्या पाकळ्या. पुढे आम्ही मुले मातीचा किल्ला करू लागलो. आमची काळी माती किल्ल्याला मोठी बेइमान. ओली असेतो हव्या त्या आकाराला राजी, आणि भाऊबीज उजाडायच्या आत बुरुजाला बोटभर भेगा. माझ्या नातवाने किल्ल्याचा हा वरचा सगळा पसारा सोडून दिला आणि किल्ल्याखालचा अंधार तेवढा घेतला.

त्याचे सामान म्हणजे नव्या फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ सालापासून बंदी आहे. तेव्हा जे आपोआप घरात आले होते त्यावरच त्याने भागवले. कटरने त्याने पाच-पाच इंचांचे चौकोन कापले. बोथट पेन्सिलीने दगडांचे सांधे कोरले. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा चुरगळून गोळा केला आणि तो वरून दाबून दगडाला खडबडीतपणा आणला. फवाऱ्याचा रंग थर्माकोलला खाऊन टाकतो, म्हणून आधी फेव्हिकोलात काळा रंग कालवून त्याचा हात दिला आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखी रंग नुसता कडांवरून फिरवला. दोन दिवसांत माजघरातल्या सतरंजीवर शेकडो वर्षांचे जुने तळघर उभे राहिले. हातात घ्यावे तर वजन पिसासारखे. थर्माकोल म्हणजे शेकडा ९५ हून अधिक हवाच.

एक गोष्ट मला खटकली. त्याने काहीच चिकटवले नव्हते. सरळ वाट, वळण, जिना, दार, सगळे तुकडे सुटे.

"हे जोडून का टाकत नाहीस?" मी विचारले.

"आबा, जोडलं की एकच भुयार होतं. सुटं ठेवलं की रोज नवं."

हा खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध केला. खेळणारा प्रत्येक जण एकेका वीराचे सोंग घेतो. एक जण मात्र वीर होत नाही. तो भुयार मांडतो. कुठे खजिना, कुठे राक्षस, कुठे खड्डा, हे त्यालाच ठाऊक. वीरांच्या मशालीचा उजेड पोचेल तेवढेच तुकडे तो पुढे ठेवीत जातो. बाकीचे भुयार त्याच्या मांडीवर, कापडाखाली.

पाडव्याच्या रात्री खेळ रंगला. नातवाचे तीन मित्र होते आणि चौथी माझ्या मुलीची नऊ वर्षांची मुलगी. मी नातवाच्या मागे खुर्चीत बसलो होतो, म्हणून मला कापडाखालचे दिसत होते. वाटेला फाटा फुटला. पोरगी म्हणाली, "मी डावीकडे जाणार, एकटी." तिच्या दादाच्या मांडीवर दोन तुकडे शेजारी शेजारी होते, एक साधी फरसबंदी, दुसरा खड्ड्याचा. त्याचा हात साध्या तुकड्यावर गेला, क्षणभर थांबला, आणि मग त्याने खड्ड्याचा तुकडा उचलून पुढे ठेवला. फासा पडला तो वाईट पडला. तिची धनुर्धारी खाली गेली ती गेलीच. पोरगी रडत आत निघून गेली.

मी चिडलो. "अरे, साधा तुकडा ठेवला असतास तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच कळलं नसतं, आबा," तो म्हणाला. "म्हणूनच."

त्या एका शब्दाने माझी झोप गेली. वाचकहो, प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. ज्याच्या हातात भिंती हलवण्याची सत्ता आहे आणि त्या हलवलेल्या कुणाला दिसत नाहीत, त्याने त्या दयेपोटी हलवाव्यात काय?

या प्रश्नाला बरीच जुनी परंपरा आहे. १८१२ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याला युद्धाचा एक खेळ करून दिला. त्यात नदी, टेकडी, रस्ता यांचे प्लॅस्टरचे सुटे चौकोन होते. ते जुळवून हवे ते रणांगण मांडावे. माझ्या नातवाच्या तुकड्यांचे ते थेट पूर्वज. राइसविट्झच्या मुलाने १८२४ साली त्या चौकोनांच्या जागी नकाशे आणले, आणि नियमांच्या जोडीला फाशांची कोष्टके आणि एक पंच बसवला. १८७६ साली फेर्डी नावाच्या सेनाधिकाऱ्याने म्हटले की, हे नियम आणि फासे खेळाचा जीव घेतात. अनुभवी पंचाच्या निर्णयावर सारे सोपवावे. तेव्हापासून हे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, नियम आंधळा असतो, माणूस डोळस असतो. दुसरा म्हणतो, माणूस डोळस असतो हे खरेच. पण तो कुणाकडे पाहतो, हे कोण पाहणार?

आपल्या महाभारतात तर हे दोन्ही प्रसंग एकाच पर्वात शेजारी शेजारी आहेत. मयासुराने बांधलेल्या सभेत दुर्योधनाला स्फटिकाच्या जागी पाणी दिसले आणि पाण्याच्या जागी जमीन. तो भिजला आणि लोक हसले. पुढे द्यूत झाले आणि त्यात शकुनीचे फासे पडले. अपमान मयसभेत झाला हे खरे, पण मयाला कुणी कपटी म्हणत नाही. त्याची फरशी दुर्योधन येण्याआधी जिथे होती, तिथेच तो आल्यावरही होती. पडणाऱ्याला हसणे हा हसणाऱ्यांचा दोष. शकुनीने मात्र समोरच्याचा डाव पाहून कपट केले. मांडलेल्या संकटात आणि कपटात अंतर आहे ते एवढेच.

पण शकुनीचे कपट वैराचे होते. नातवाकडून मी मागितले ते मायेचे. मायेचे कपटही कपटच काय? इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, लहान असताना आम्ही रोज रात्री सोंगट्या खेळत असू. मी मुद्दाम हरत असे. त्याचा चेहरा फुललेला पाहिला की दिवसाचा शीण जाई. एके रात्री त्याने मला घर चुकवून सोंगटी मागे ठेवताना पाहिले. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "म्हणजे मी कधीच जिंकलो नव्हतो?" त्यानंतर तो माझ्याशी सोंगट्या खेळला नाही. मी त्याला शंभर विजय दिले होते. एका क्षणात शंभरही परत घेतले.

मग दयेला जगात जागा नाही काय? आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. एका मुलाला दोन गुण कमी पडत होते आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी मृत्यू झाला होता. मी ते दोन गुण घातले. त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. बोचते ते एवढेच की, ते गुण उत्तरातच सापडले असे मी दाखवले. मुख्याध्यापकांपुढे जाऊन, "या मुलाला सवलत द्यावी" असे म्हणता आले असते. तसे करायला धैर्य लागले असते. लपवायला नुसता लाल पेन्सिलीचा एक फराटा पुरला. पोर खरोखरच विहिरीत पडत असेल तर खेळ थांबवावा, धावावे, सगळ्यांदेखत हात द्यावा. उघडपणे नियम मोडणारा निदान नियम होता हे कबूल करतो. गुपचूप भिंत हलवणारा समोरच्याच्या पायांखालची सगळीच जमीन खोटी करतो, आणि ती खोटी झाल्याचे त्याला कळूही देत नाही.

आमच्याच जिल्ह्यात परंड्याचा किल्ला आहे, नळदुर्गचा आहे. तिथल्या भिंतींना शब्द पाळायला शिकवावे लागत नाही; त्यांचे वजनच त्यांचा शब्द. शत्रूसाठी बांधलेला तट बांधणाऱ्याचा मुलगा बाहेर अडकला म्हणून बाजूला सरत नाही. थर्माकोलच्या भिंतीला वजन नाही, म्हणून ते मांडणाऱ्याने स्वतःचे घालावे लागते. आणि बापाने, मास्तराने, साहेबाने दुसऱ्यांसाठी मांडलेली जगे बहुतेक थर्माकोलचीच असतात.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळून झाल्यावर पोरगी दादापुढे उभी राहिली. ओवाळणीचे पाकीट तिने उघडलेही नव्हते.

"तो खड्डा आधीपासून होता ना तिथं? का मी डावीकडे गेले म्हणून ठेवलास?"

त्याने वहीचे पान काढून तिच्यापुढे धरले. चौकटीच्या कागदावर भुयाराचा आराखडा होता आणि डाव्या वाटेवर, तिसऱ्या घरात, फुली. पान धनत्रयोदशीचे होते. कोपऱ्यात तारीख होती. तिने फुलीवर बोट ठेवले, वाटेची घरे मोजली, आणि म्हणाली, "बरं. मग परत मांड."

त्याने नवे भुयार मांडायला घेतले. मी पाहत होतो. खड्ड्याचा तुकडा त्याने काढून टाकला नाही. पण त्याच्या आधीच्या तुकड्यावर एक फरशी त्याने इतरांपेक्षा किंचित फिकट रंगवली आणि तिच्या कडेला पेन्सिलीने बारीक भेग कोरली. मग ते आराखड्यात लिहून ठेवले आणि वही मिटली. दया करायचीच असेल तर ती मांडताना करावी, हे मला सत्तरीनंतर कळले. त्याला ते कुणी शिकवले, ठाऊक नाही.

रात्री पोरगी त्या वाटेने पुन्हा गेली. फिकट फरशीपाशी थांबली, वाकून पाहिले, आणि दादाच्या तोंडाकडे एकदाही न बघता म्हणाली, "मी आधी काठी टेकवते."