न आलेले पान

सत्य बोलावे याविषयी सुज्ञांत मतभेद नाही. परंतु खेळात दिलेली हूल हे असत्य होय की काय, असा प्रश्न निघाला की एकवाक्यता राहत नाही. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य पटावर उघडे असते. पत्त्यांच्या खेळात पाने झाकलेली असतात, आणि त्यामुळेच हा प्रश्न तेथे सतावतो. त्याचा सर्वांत टोकदार नमुना म्हणून आम्ही पोकर हा अमेरिकेत रूढ झालेला खेळ विचारास घेतला आहे. द्यूत खेळावे की न खेळावे, हा वाद निराळा. तो येथे बाजूस ठेवू.

क्लबात ब्रिज अथवा रमी खेळणाऱ्या वाचकांस या खेळाची रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आज जो प्रकार सर्वाधिक प्रचारात आहे त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडी मांडली जातात: प्रथम तीन, मग एक, शेवटी एक. या सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यास पैसे लावता येतात, आणि ‘नो-लिमिट’ प्रकारात समोरचे सारे पैसे एकदम पणास लावण्याची मुभा असते. एका रंगाची पाच पाने जमली तर तो फ्लश. समजा, एका रंगाची चार जमली आणि एकच पान उघडावयाचे उरले. न पाहिलेली पाने ४६, त्यांतील हवी ती ९; म्हणजे पाचांतून सुमारे चार वेळा आशा फोल. ती फोल ठरली की हाती काही उरत नाही. आता जिंकण्याचा मार्ग एकच: मोठी रक्कम पुढे सारून, पान आलेच आहे असे भासवावे आणि प्रतिपक्षास पाने टाकावयास लावावे.

याचे प्रसिद्ध उदाहरण २००३ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत घडले. ८३९ स्पर्धकांतून शेवटी दोघे उरले: टेनेसी राज्यातील हिशेबनीस क्रिस मनीमेकर आणि मुरलेला खेळाडू सॅमी फारहा. मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा व बदामची सत्ती. टेबलावर इस्पिकची नव्वी, छक्की व अठ्ठी आणि चौकटची दुर्री. आणखी एक इस्पिक आले तर फ्लश. दश्शी वा पंजी आली तर ओळीने पाच पाने. आली बदामची तिर्री. फारहापाशी नव्व्यांची जोडी होती, म्हणजे डाव त्याचा होता. मनीमेकरने सर्व चिप्स पुढे सारल्या. तुझा फ्लश हुकला असावा, असे फारहाने बोलूनही दाखविले. मनीमेकर निश्चल बसून राहिला. आणि खरे ते ओळखूनही फारहाने पाने टाकली. पुढे स्पर्धा व २५ लाख डॉलर मनीमेकरने जिंकले.

मनीमेकर खोटे बोलला काय? महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग शेजारी ठेवला म्हणजे भेद स्पष्ट होतो. अश्वत्थामा मेला हे खरे काय, असे द्रोणाने युधिष्ठिरासच विचारले, कारण हा असत्य बोलणार नाही असा त्याचा विश्वास होता. युधिष्ठिराने त्या विश्वासाचा शस्त्रासारखा उपयोग केला. अर्धे सत्य उच्चारूनही तो दोषी ठरला. फारहाने मनीमेकरवर असा विश्वास कधी टाकलाच नव्हता. समोरचा हूल देऊ शकतो, हे जाणूनच दोघे टेबलाशी बसले होते. जेथे विश्वास मागितलेला नाही आणि दिलेलाही नाही, तेथे विश्वासघात कसा होईल? शकुनीची गोष्ट वेगळी. त्याने खेळाचे साधनच कपटाने वश केले होते. हूल देणारा साधनास हात लावीत नाही.

तथापि एवढ्याने हूल देणारा सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. न आलेल्या पानामागे एक सूक्ष्म मोह दडलेला असतो. ‘आमचे इतके पैसे आत गेले, ते असे कसे सोडावे?’ असे मन म्हणू लागते. वस्तुतः राशीत पडलेला पैसा आता कोणाचाच नसतो. हिशेब पुढचाच करावयाचा: रास १०० ची असून १०० लावावयाचे, तर प्रतिपक्षाने निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकली पाहिजेत. जो कधीच पाने टाकीत नाही त्यास हूल देणे व्यर्थ. शिवाय हुकलेल्या रंगाची दोन पाने आपल्याच हाती असली, की त्याच आशेवर फसलेला व माघार घेण्यास सिद्ध असलेला प्रतिपक्ष समोर असण्याचा संभव उलट घटतो. इतके तोलून दिलेली हूल हा खेळ होय. पराभव पाहवत नाही म्हणून दिलेली हूल ही आत्मवंचना होय. तेथे प्रथम फसतो तो हूल देणाराच.

गणितही याच बाजूचे आहे. जॉन फॉन नॉयमान व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात हूल ही शहाण्या खेळाचा आवश्यक भाग असल्याचे दाखविले. पण तिला प्रमाण आहे. राशीइतकी रक्कम लावणाऱ्याने, साधा नमुना घेतला तर, दोन खऱ्या डावांमागे एकच हूल द्यावी. हूल खऱ्याच्या पतीवर जगते. ती पत संपली की तिला कोणी भीत नाही.

१९६८ साली अल्बर्ट कार या लेखकाने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ मध्ये असे प्रतिपादिले की व्यापार हाही पोकरसारखा खेळच असून त्यास घरगुती नीतीचे माप लावू नये. येथे आमची वाट वेगळी होते. पोकरच्या टेबलाशी माणूस आपखुशीने बसतो, नियम जाणतो आणि वाटेल तेव्हा उठून जातो. शिवाय बरोबरीची रक्कम भरून ‘पाने दाखवा’ असे म्हणण्याचा त्यास हक्क असतो. दुकानातील गिऱ्हाइकास वा कचेरीतील अर्जदारास यांपैकी काय उपलब्ध असते?

आमचे बहुतेक वाचक परप्रांतात अधिकारपदावर आहेत, म्हणून हे त्यांच्यापुढे विशेषेकरून ठेवावेसे वाटते. भाषा नीट न जाणणारा, दुरून चालत आलेला माणूस मेजासमोर उभा असतो. त्यास नकार देण्याजोगा नियम हाताशी नसतो. तरी आवाज चढवून ‘हे नियमात बसत नाही’ असे सांगितले की तो मुकाट्याने परत जातो. हीदेखील न आलेल्या पानावरची हूल होय. मात्र त्या माणसास खेळात कोणी बोलाविले नव्हते, उठून दुसऱ्या टेबलाशी जाण्याची त्यास सोय नाही, आणि पाने दाखवा म्हणण्याचे त्याला धैर्य नाही. ज्यास हूल द्यावयाची, त्याला ती उघडी पाडण्याची खरीखुरी संधी असेल तर तो खेळ. ती नसेल तर तो अन्याय. मनीमेकरने आपले सर्वस्व पुढे सारले होते. मेजामागून हूल देणारा पणास काहीच लावीत नाही. जे जाते ते समोरच्याचेच जाते.