धारेचा दगड

पहाटे छत्रपती कारखान्याचा भोंगा झाला की मी फिरायला निघतो. गळिताचे दिवस. भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागलेल्या असतात. हवेत मळीचा तो गोडसर, जरा आंबूस वास. इथल्या माणसाला तो जाणवत नाही. पाहुण्याला सांगावा लागत नाही.

परवा काखेत घरातला जुना सागवानी पाट होता. रंधा मारून, पॉलिश करून घ्यायचा होता. मिस्त्री पडवीत उकिडवे बसलेले. समोर सपाट फरशी, तिच्यावर बारीक वाळू आणि पाणी. धार लावायचा दगडच ते तिच्यावर घासत होते.

"मिस्त्री, आज दगडालाच धार?"

ते हसले. दगड पुसून त्यावर पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टी दोन्ही टोकांना टेकलेली, मधे फट.

"सगळी पाती मधेच घासली जातात, गुरुजी. दगडाला खळगा पडला की पात्याला पोट येतं. अन् आपण नावं ठेवतो रंध्याला."

पात्याची धार तशी लवकर होते. पंचवीस-तीस अंशांचा उतार दगडावर नीट टेकला की हातालाच कळतं. पाठीकडून बोटाला बारीक खरखर लागली की थांबायचं, पाठ सपाट टेकवून एकदा ओढायची. दगडाला मात्र अर्धी सकाळ जाते. खंडेनवमीला रंधा, करवत, पटाशी, वाकस सगळ्यांना हळदकुंकू लागतं. दगडाला कुणी लावतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग त्यांनी पाटावरून तळवा फिरवला. रंधा झाला की 80, 120, 220 नंबरचा पॉलिशपेपर, तोही लाकडाच्या रेषेनंच. मग ओलं फडकं. लाकडाची कुसळं उभी राहतात, ती राहू द्यायची. वाळली की शेवटचाच कागद हलक्या हातानं पुन्हा. त्यानंतर लाखेचं पॉलिश, पातळ. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही.

हे ओलं फडकं मी एकदा चुकवलं होतं. घरच्या स्टुलाला. पॉलिशच्या पहिल्याच हाताला कुसळं उठली, अन् मी त्यांच्यावरच पुढचे हात देत गेलो. चमक डोळ्याला पटली, तळव्याला नाही. ते स्टूल अजून आहे. पाहुण्यांना मी त्यावर बसवत नाही.

"पाट ठेवून जा," मिस्त्री म्हणाले. "आधी दगड, मग पातं, मग पाट."

त्यांनी दगडावर पेन्सिलीनं आडव्या रेघा ओढल्या. सगळ्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला म्हणायचं. दगड पालथा घालून ते पुन्हा घासू लागले. मी चपला घालेपर्यंत त्यांनी एकदा उलटून पाहिला. टोकांच्या रेघा गेल्या होत्या. मधल्या दोन तशाच होत्या.