रयतेचे अर्ज आणि राजाची मर्जी

सोनाळ्यात सोनाजी महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर, पटवारकी करून निवृत्त झालेले काका आणि नागपुरास कायदा शिकणारा त्यांचा पुतण्या यांच्यात एके सायंकाळी हा वाद झाला.

पुतण्या : काका, १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांवर त्यांना कायमचा पट्ट्याने दिलेला हा आपला वऱ्हाड, स्वातंत्र्य येईपर्यंत कागदोपत्री निजामाचाच होता, असे असता निजामाविरुद्ध मराठवाडा उठला आणि सोनाळा उठले नाही, हे कसे?

काका : शेतसारा ज्याचा हाकिम वसूल करतो, त्यालाच रयत राजा समजते. १९३० साली बापूजी अणे पुसदला राखीव जंगलातले गवत कापावयास गेले, ते इंग्रजाचा कायदा मोडण्यासाठी. निजाम आमच्या दप्तरात होता, मानेवर नव्हता.

पुतण्या : म्हणजे ज्याचा जाच, त्याच्याविरुद्ध बंड, एवढेच तुमचे प्रमेय? तेलंगणात वेठबिगार तर पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. मग देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्याला गोळी घातल्यावर मुलूख पेटला, तो १९४६ सालीच का?

काका : जाच हे कारण खरे, पण पुरेसे नव्हे. एकटा मनुष्य जाच भोगताना दैवाला बोल लावतो. चारचौघांत बसून तोच जाच टाळण्याजोगा आहे असे त्यास उमगले, आणि नेमके ते चारचौघांत बसणेच सरकारने गुन्हा ठरविले, म्हणजे तो राजाला बोल लावू लागतो. हैदराबादेत गश्ती निशान ५३ अन्वये सभेस परवानगी लागे आणि १९३८ साली स्टेट काँग्रेस तर स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरली.

पुतण्या : तरी १९३९ साली निजामाने सुधारणा जाहीर केल्याच की! वाईट राजवट सुधारू लागते तीच घटका तिला सर्वांत घातक, असे फ्रान्सच्या इतिहासावरून तोकव्हीलने दाखविले आहे. द्यावे तर मागणी वाढते, न द्यावे तर बंड होते. राजाने करावे तरी काय?

काका : त्याच १९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी केले ते. ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेल्या लोकसभेच्या हाती त्यांनी कारभार सोपविला. निजामाच्या योजनेत सभासदांनी बोलावयाचे आणि मंत्र्यांनी मात्र राजालाच जाब द्यावयाचा.

पुतण्या : औंध ते केवढे, हैदराबाद केवढे! शिवाय मर्जीने दिलेले मर्जीने परतही घेता येते.

काका : हा दुसरा आक्षेप मला शिरसावंद्य आहे, आणि पेचाचे उत्तरही त्यातच आहे. राजा किती देतो यावर क्रांती टळत नसते. दिलेले परत घेण्याचा अधिकार तो सोडतो की नाही, यावर टळते. निजामाने तो सोडला नाही, उलट रझाकारांना मोकळे रान मिळू दिले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्याला शरण यावे लागले. म्हणून बंडाचा दोष ठरविणाऱ्याने रयतेच्या हातातले शस्त्र पाहण्यापूर्वी, तिने आधी किती अर्ज दिले होते आणि त्यांतले किती निकाली निघाले, याची चौकशी करावी.