सिंधुकाठचा माणूस

इटालियन साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्याला दान्ते टाळता येत नाही आणि दान्तेबरोबर येणारा एक अडचणीचा प्रश्नही. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या स्वर्गखंडातल्या 19व्या सर्गात तो येतो. सिंधूकाठी जन्मलेला, ख्रिस्ताचं नावही कानावर न पडलेला सज्जन माणूस बाप्तिस्म्याविना मेला, तर त्यात त्याचा दोष काय?

गरुडाच्या आकारात जमलेले न्यायी राजांचे आत्मे दान्तेलाच झापतात. देवाचा न्याय जोखणारा तू कोण? हे उत्तर कसलं, दटावणीच ती!

पण पुढच्याच सर्गात त्या गरुडाच्या भुवईत ट्रॉयचा रिफियस झळकतो. व्हर्जिलच्या महाकाव्यात ओझरता येणारा हा योद्धा ख्रिस्तापूर्वीचा, तरी स्वर्गात. त्याची कथा सांगणारा व्हर्जिल मात्र नरकाच्या पहिल्या वर्तुळात, ॲरिस्टॉटल आणि इब्न सिना यांच्यासोबत.