फोन कोणाच्या हाती द्यावा?

दर सप्टेंबरात वॉटफर्डमधून कितीतरी मुलेमुली युनिव्हर्सिटीत राहावयास जातात. कोणी जवळच हॅटफिल्डला, तर कोणी लांब लीड्स-मँचेस्टरला. निघताना आई सामानात मसाल्याची बरणी ठेवते, आणि मुलगी कोठे आहे हे घरी दिसावे अशी सोय तिच्या फोनमध्ये करून घेते. मुलाच्या फोनमध्ये तशी सोय करण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

वाचकहो, ह्या लहानशा फरकात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. कॉलेजच्या वयात दारूच्या संगतीने मुलींवर जे लैंगिक अत्याचार होतात, ते रोखण्यासाठी मोबाईल फोन वापरावा असे आज सर्वत्र म्हटले जाते. वापरावा, हे खरे. पण कोणी? जिला भीती आहे तिने, की ज्याच्याकडून भीती आहे त्याने?

आजवर बहुतेक साधने तिच्याच हाती दिली गेली. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाईलवर संकटाचे बटण असावे असा सरकारी नियम झाला. इकडे युस्टनहून वॉटफर्ड जंक्शनला येणाऱ्या गाडीत कोणी त्रास दिला तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर संदेश पाठविता येतो. ही साधने चांगली आहेत आणि ती प्रत्येकाला ठाऊक असावीत. परंतु बटण दाबण्यासाठी शुद्ध लागते, आणि दारू नेमकी तीच हिरावून घेते. शिवाय अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा असतो: वर्गातला, मित्राचा मित्र, घरी सोडतो म्हणणारा. त्याच्या सोबतीत मुलगी फोन पिशवीतच ठेवते.

२०२१ साली लंडनमधील सारा एव्हरार्ड हिचा एका नोकरीत असलेल्या पोलिसानेच खून केला. त्यानंतर ब्रिटिश टेलिकॉमने एकट्या घरी जाणाऱ्या स्त्रियांवर फोनद्वारे लक्ष ठेवण्याची योजना सुचविली. तेव्हा अनेक स्त्रियांनी विचारले की, पहारा आमच्यावरच का? हा प्रश्न रागाचा वाटला तरी न्यायाचा आहे. चोरी होऊ नये म्हणून कुलूप लावणे हे शहाणपण; पण चोरी झाल्यावर घरमालकालाच ‘कुलूप का लावले नाहीस’ म्हणून दोषी धरणे हा अन्याय होय. मुलीच्या फोनवर सुरक्षेची दहा साधने चढविली की अकरावे का नव्हते, असे विचारणारा कोणीतरी निघतोच.

कायदा ह्याबाबतीत आपल्या बोलण्याहून अधिक स्पष्ट आहे. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे संमती म्हणजे मोकळेपणाने, आणि निवड करण्याची क्षमता असताना दिलेला होकार. २००७ साली अपील कोर्टाने सांगितले की, बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधीच दारूने ही क्षमता नाहीशी होऊ शकते. आपण होऊन प्यालेल्या पुरुषाला ‘मी नशेत होतो’ हा बचाव बलात्काराच्या खटल्यात मिळत नाही. आपल्या बैठकीत मात्र अजून उलटे चालते. मुलगा प्याला तर त्याला माफी, मुलगी प्याली तर तिला दोष!

काहींना वाटले, होकारच फोनवर नोंदवून घ्यावा. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सच्या पोलीस आयुक्तांनी तसे सुचविले आणि त्यांच्यावर सडकून टीका झाली. दारूबंदीच्या काळातील मुंबई ज्यांना आठवते त्यांना परमिट ठाऊक आहे. परमिट एकदा काढले की पुढे चालते. संमती त्या त्या क्षणाची असते, आणि दिलेला होकार केव्हाही परत घेता येतो.

मग फोन कोणाच्या हाती द्यावा? अमेरिकेत ‘रिअल कन्सेंट’ नावाचा एक शिक्षणक्रम इंटरनेटवरून केवळ कॉलेजातील मुलांना दिला गेला. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा पाठ होते: संमती म्हणजे काय, दारूचा परिणाम काय, आणि मित्र चुकीच्या वाटेने जात असेल तर मध्ये कसे पडावे. २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर ह्या मुलांनी अत्याचाराचे वर्तन कमी, आणि मध्ये पडण्याचे प्रसंग अधिक सांगितले. पुष्कळ मुले शेवटपर्यंत टिकली नाहीत आणि उत्तरे त्यांची स्वतःचीच होती, हे लक्षात ठेवावयास हवे. तरी दिशा योग्य आहे. येथे उपदेश त्याला केला जातो, ज्याने स्वतःला आवरावयाचे आहे.

आणि तिसरा माणूस, तो पाहणारा? २०१६ साली लिंकनशायरमध्ये एक युक्ती निघाली: धोका वाटला तर बारमध्ये ‘अँजेला’ला विचारावे, म्हणजे नोकर मदत करील. पुढे ती देशभर पसरली. २०२४ मध्ये बीबीसीने लंडनमधील काही ठिकाणी परीक्षा घेतली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी नोकरांना त्या शब्दाचा अर्थच उमगला नाही. शब्द असो वा बटण, पलीकडे कोणी उठणारा नसेल तर ते मुके होय.

नोहाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. द्राक्षारसाने धुंद होऊन तो उघडा पडला. हामने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. शेम आणि याफेथ पाठमोरे आत गेले व त्यांनी त्याला पांघरूण घातले. आजच्या पार्टीतही हे तिघे हजर असतात. फोनवर चित्र घेऊन मित्रांना पाठविणारा तो हाम. फोन खिशात ठेवून, तिच्या मैत्रिणीला हाक मारून, तिला सुखरूप घरी पोहोचविणारा तो शेम. यंत्र दोघांजवळ एकच आहे.

म्हणून मुलीच्या फोनमधली सोय काढून टाका असे कोणी म्हणू नये. मात्र ती तिला विचारून असावी. त्याबरोबर मुलगा निघण्यापूर्वी त्यालाही समोर बसवून दोन गोष्टी सांगाव्या: शुद्धीत नसलेल्या मुलीचा होकार हा होकार नव्हे, आणि मित्र मर्यादा सोडत असेल तर त्याला थांबविणे हे तुझे काम आहे. असे बोलणे आपल्या घरांत अवघड जाते, हे खरे. परंतु हे काम फोनवर सोपवून पालकांना मोकळे होता येणार नाही.